स्टेला सिस्टरांची प्रार्थना

नातवाला लस टोचताना स्पिरिटचा वास आला आणि स्टेला सिस्टर आठवल्या.

माझ्या सिझेरियनच्या सकाळी मी वॉर्डात थरथरत होते. "सिस्टर, तुमच्या येशूला सांगा ना," मीच विनवलं. त्यांनी हात धरून कन्नडमध्ये प्रार्थना केली आणि म्हणाल्या, "हेदरबेडी." घाबरू नका. माझी थरथर खरंच थांबली.

दुसऱ्या दिवशी अग्रहारातून, ब्राह्मणांच्या वस्तीतून, सोवळ्याच्या सासूबाई आल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं त्यांना सगळं सांगितलं. "आमच्या सुनेसाठी ही प्रार्थना कुणी करायला सांगितली?" त्यांनी सिस्टरांना सगळ्यांसमोर विचारलं.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाचं टोपडं सारखं करत राहिले. ते सारखंच होतं.

"मीच केली, अम्मा," सिस्टर म्हणाल्या. मग माझी नाडी बघताना हळूच पुटपुटल्या, "हेदरबेडी."

सुटले, असं वाटलं होतं तेव्हा.