बिरादार सरांचा तिसरा प्रकार

बिरादार सरांकडून रजा मिळवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. ताप आलाय म्हटलं, तर म्हणत, "मग ताप घेऊन बस. त्याला पण थोडं इंग्रजी येऊ दे." मामाच्या लग्नाला जायचंय म्हटलं, तर, "तू न्हाई गेलास तर मामा बिनलग्नाचा राहतो का?" वर्ग हसायचा आणि रजेचा विषय तिथंच संपायचा. असा हा माणूस श्रावणात पंचमीच्या आठवड्यात मात्र न मागता रजा वाटत सुटायचा. अट एकच, पोरानं मुराळी म्हणून जायचं. आमच्याकडे सासरची लेक पंचमीला माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भावानं तिला आणायला जावं लागतं. त्या न्यायला आलेल्या भावाला मुराळी म्हणतात.

मी तेव्हा मुखेडला अकरावीत होतो. सरांनी विचारलं, "तुझी बहीण मुदखेडला दिली ना? कधी चाललास आणायला?"

"दाजी सोडतील सर, मोटारसायकलवर."

सरांनी खडू खाली ठेवला. "दाजीनं सोडणं अन् भावानं आणणं एक न्हाई, बाळा. सासरच्या दारात भावाची चप्पल दिसली पाहिजे. त्या चपलेला लई वजन असतंय."

मी कुरकुरत एसटीत बसलो. दारात मला पाहून ताई आधी हसली आणि मग चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाऊन रडली. तिची सासू मला चार वेळा "बसा की" म्हणाली. एरवी त्या घरात मला कुणी अहोजाहो करत नसे. सरांचं म्हणणं मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

त्याच आठवड्यात सर 'इफ'ची वाक्यं शिकवायचे. दरवर्षी त्याच आठवड्यात, अभ्यासक्रम काही म्हणो. "पहिल्या प्रकारात दार उघडं हाय," ते सांगत. "पाऊस पडला तर पेरू. पडू पण शकतो. दुसऱ्यात दार लोटलेलं हाय. मी पक्षी असतो तर, इफ आय वेअर अ बर्ड. तिथं 'वॉज' न्हाई म्हणायचं, 'वेअर' म्हणायचं. का? कारण ते खरं न्हाई, अन् खरं न्हाई हे बोलणाऱ्याला ठाव हाय. जे न्हाईच, त्याला पण इंग्रजीनं मानानं बसायला जागा दिली हाय." मग ते फळ्याकडे तोंड करत. तिसऱ्या प्रकाराच्या वेळी सर आमच्याकडे कधी बघत नसत. "तिसऱ्यात कुलूप हाय. गेलेल्या गोष्टीचं. इफ ही हॅड गॉन, शी वुड हॅव कम. तो गेला असता, तर ती आली असती. म्हणा." आम्ही घसा फाडून म्हणायचो. हा कोण आणि ही कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकात माणसं अशीच बिननावाची असतात.

नाव कळलं ते मी त्याच कॉलेजात शिकवायला लागल्यावर. कुसुम. सरांची धाकटी बहीण, भोकरकडच्या एका खेड्यात दिलेली. एका वर्षी सरांचा एम.ए.चा पेपर पुढे ढकलला गेला आणि नेमका पंचमीच्या तोंडावर आला. त्यांनी सांगावा धाडला, पेपर झाला की येतो. पंचमीच्या दिवशी सगळ्या सासुरवाशिणी आपापल्या माहेरी झोके घेत होत्या आणि कुसुम विहिरीवर पाण्याला गेली. पाय घसरला की तिनंच उडी घेतली, हे कुणी सांगितलं नाही. "माझा पेपर लई चांगला गेला होता," सर म्हणाले आणि स्टाफरूमच्या दाराकडे बघत राहिले.

पुढे ते माझ्याशी तिच्याबद्दल बोलू लागले, आणि खरं सांगतो, मला भीती वाटायची. कारण सर मेलेल्या बहिणीबद्दल बोलत नसत. आली असती त्या बहिणीबद्दल बोलत. "नांदायला मी तिला परत धाडलंच नसतं. शिवणकाम शिकली असती." कधी म्हणत, "आता तिचे गुडघे दुखले असते. अंगानं भारी होती." एकदा चहा पिता पिता म्हणाले, "यंदा तिच्या नातीचं बारसं केलं असतं." त्यांनी तिला तिकडे, त्या 'आली असती'च्या जगात, रीतसर म्हातारं होऊ दिलं होतं. ते अशा सहजतेनं बोलत की मीही कधीकधी दाराकडे बघायचो.

सर गेल्या दिवाळीच्या आधी गेले. त्याआधीच्या श्रावणात मला म्हणाले, "त्या गावाला एकदा जाऊन येऊ. माती दिल्यापासून गेलो न्हाई." आम्ही गेलो. त्या घरात कुसुमची जाऊ तेवढी उरली होती, थकलेली. तिनं सरांना ओळखलं, पाणी दिलं. सरांनी एकच विचारलं, "माझी वाट बघून राहिली होती का ती?"

"न्हाई, भाऊ," जाऊ म्हणाली. "तुमी येऊन बी काय उपेग नव्हता. सासऱ्यानं आधीच सांगितलं व्हतं, औंदा हिला धाडायचं न्हाई, मुराळी आला तर दारातूनच वापस लावायचा. तिला बी ठाव व्हतं. तुमी जिवाला लावून घिऊ नका."

मला वाटलं, सुटला माणूस. जन्मभराचं ओझं एका म्हातारीनं उतरवलं. मी तर मनातल्या मनात तिच्या पाया पडलो.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. मुदखेड मागे पडलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं ती तिकडं तरी जगून राहिली होती रे. मी गेलो असतो, तर आली असती. आज तिकडं पण मेली."  त्यांनी माझं मनगट धरलं. "खोटं बोलली असेल का ती? माझं मन राखायला?"

म्हातारी खोटं बोलली नव्हती. तिला काय पडलं होतं?

"हाव सर," मी म्हणालो. "मन राखायलाच बोलली. तुम्ही गेला असता, तर आल्या असत्या त्या."

"आलीच असती," सर म्हणाले. त्यांचा चेहरा हळूहळू निवला. "बसमध्ये तिला लई मळमळतंय. खिडकी तिलाच द्यावी लागली असती."

आणि सर खिडकीपासून अलीकडे सरकले. मी अंग चोरून त्यांना जागा करून दिली.