तपासले : जी. बी.

समजा, तुमच्यासमोर एक कोरी वही आहे आणि तुम्हाला एक साधं काम दिलंय. इटलीच्या क्लबांनी युरोपच्या स्पर्धांमध्ये खेळलेले सगळे फुटबॉल सामने तिच्यात लिहायचे. तारीख, गाव, आपला क्लब, समोरचा क्लब, गोल. पाच रकाने. तुम्ही म्हणाल, यात काय आहे, एका वीकेंडचं काम. बरं, घ्या पेन्सिल. एप्रिल १९७०. रोमा आणि पोलंडचा गुर्निक हे क्लब तीनदा खेळले, तिन्ही वेळा बरोबरी झाली, शेवटी नाणं उडवलं आणि रोमा घरी गेली. ही हार लिहायची की बरोबरी? पुढचं पान. ऑक्टोबर १९७१. जर्मनीत इंटर मिलान सात-एक असा हरला, पण प्रेक्षकांतून फेकलेला कॅन इंटरच्या खेळाडूला लागला म्हणून सामनाच रद्द झाला आणि पुन्हा खेळवला गेला. हजारो लोकांनी डोळ्यांनी बघितलेले ते आठ गोल लिहायचे की नाही?

एव्हाना तुमची पेन्सिल थांबली असेल. रविकांत मिराशींची अशी थांबत थांबत चव्वेचाळीस वर्षं गेली.

रविकांत मूळचे मिरजेचे. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून १९७० साली टोरांटोला आले आणि नॉर्थ यॉर्कमध्ये धडाधड उभ्या राहणाऱ्या टॉवर्सची ड्रॉइंग्ज काढायला लागले. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन असत. एकात काढणाऱ्याची आद्याक्षरं, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. दुसरा चौकोन रिकामा असला तर कागद ऑफिसबाहेर जात नसे.

१९७३ च्या मे महिन्यात एका सकाळी साइटवरून एक माणूस सिमेंटने भरलेल्या बुटांसकट थेट ऑफिसात शिरला. जिनो बारिल्ला. सेंट्रिंगच्या सुतारांचा फोरमन, इटलीतल्या कॅलाब्रियाचा. त्यानं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि एका बीमवर अंगठा ठेवला. बीम सहा इंच कमी पडत होता.

"हे कुणी काढलं?"

"मी," रविकांत म्हणाले.

"आणि तपासलं कुणी?"

तपासणारे साहेब पलीकडच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी न बघताच सही ठोकली होती. जिनोनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि रविकांतना म्हणाला, "तुझी चूक लहान आहे. त्याची मोठी."

त्या दिवसापासून दोघं डबा एकत्र खायला लागले. रविकांतना तेव्हा फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जिनो मात्र युव्हेंटसचा भक्त. त्याच आठवड्यात त्याचा क्लब बेलग्रेडला युरोपच्या सगळ्यात मोठ्या कपचा अंतिम सामना आयाक्सकडून एक-शून्यनं हरला होता आणि त्याचं तोंड उतरलं होतं. तो निकाल त्यानं सिमेंटच्या फाटक्या पिशवीच्या कागदावर लिहिला होता. असे तीस-चाळीस कपटे त्याच्या हेल्मेटात कोंबलेले असत. ड्राफ्ट्समनचे हात शिवशिवले. रविकांत म्हणाले, मी नीट लिहून देतो.

"तू लिही," जिनो म्हणाला. "मी तपासेन. पण बघून तपासेन."

म्हणून त्यांच्या वहीत पाच रकान्यांच्या पुढे दोन चौकोन आले. रविकांत पेन्सिलीनं ओळ लिहीत आणि आर. एम. करत. जिनो सेंट क्लेअर रस्त्यावरच्या इटालियन दुकानातून गुलाबी कागदावरचा खेळांचा पेपर आणी, ओळीखाली नख फिरवी आणि मगच जी. बी. करी. त्यानंतर रविकांत ती ओळ शाईनं गिरवत. शाईची ओळ म्हणजे संपली. तिला हात लावायचा नाही; लावायचाच असेल तर दोघांनी पुन्हा सही करायची. जुने, १९५५ पासूनचे सामनेही त्यांनी असेच मागे जाऊन भरले. जिनोनं रविकांतच्या चुका पकडल्या त्या शंभरावर. रोमाची नाणेफेक लिहायला त्यांना एक अख्खा हिवाळा लागला. शेवटी 'बरोबरी, बाहेर' असं ठरलं.

रविकांतच्या पत्नी प्रमोदिनीबाई दोघांनाही सोडत नसत. "लग्नाचा वाढदिवस विचारला तर कॅलेंडर बघता, आणि मिलान कुठल्या बुधवारी हरलं ते पाठ," असं त्या जिनोसमोरच म्हणत. जिनोला अक्षर कळत नसे, पण सूर कळे. तो ब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावत म्हणे, "शी इज राइट, रावी. व्हॉटेव्हर शी सेज."

पंच्याऐंशी साली ब्रुसेल्सला सामन्याआधी स्टेडियममध्ये एकोणचाळीस माणसं मेली. नंतर सामना खेळवला गेला आणि युव्हेंटस एक-शून्य जिंकलं. जिनोच्या क्लबला तो कप पहिल्यांदाच मिळाला होता. रविकांतनी ओळ लिहून वही पुढे केली. जिनोनं पंधरा दिवस सही केली नाही. मग एका रविवारी आला, कोटही न काढता बसला आणि म्हणाला, "एकोणचाळीस लिही. रकाना नसेल तर काढ." सगळ्या वह्यांमध्ये त्या एका ओळीला सहावा रकाना आहे.

नव्वद साली इटलीनं युरोपचे तिन्ही कप घेतले. त्या पानावर जिनोच्या सह्या जरा तिरक्या आहेत, कारण समोर वाइन होती. शहाण्णव साली युव्हेंटसनं पुन्हा मोठा कप जिंकला. मग उतार लागला. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, दोन हजार तीन, दोन हजार पंधरा. चार अंतिम सामने, चार पराभव. जिनो दर वेळी नख फिरवी आणि सही करी. "खरं आहे ना? मग झालं," एवढंच म्हणे. प्रमोदिनीबाई दोन हजार तेरा साली गेल्या तेव्हा तो आठवडाभर रोज आला आणि वहीचं नावही काढलं नाही.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत जिनोला स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आणि इंग्रजी गेलं. अख्खं. साठ वर्षं वापरलेलं इंग्रजी कुणी बोर्ड पुसावा तसं पुसलं गेलं आणि खाली कॅलाब्रियाची गावठी बोली तेवढी उरली. त्याच्या मुलीला, टेरेसालाही ती अर्धीमुर्धीच कळे. त्याला एका केअर होममध्ये ठेवलं. रविकांत दर मंगळवारी, बुधवारी दोन बस बदलून जात, कारण युरोपातले सामने टोरांटोत दुपारी दिसतात. दोघांमध्ये आता क्लबांची नावं आणि आकडे एवढीच भाषा होती. तेवढी पुरत होती. जिनो डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखा, जी. बी. काढी.

परतीच्या बसमध्ये रविकांतना एक विचार सतावत राही. आपल्याला असं झालं तर मराठी उरेल. मग बोलायचं कुणाशी? मुलगा नील व्हँकुव्हरला, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारा. केअर होममध्ये काम करणाऱ्या छाया सरनाईक मात्र साताऱ्याच्या होत्या, पन्नाशीच्या, तिकडे शाळेत शिकवायच्या. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून रविकांत बस चुकवत.

"काका, तुमचे मित्र आज जेवले नाहीत," छायाताई सांगत. "तुम्ही वही दाखवा, मग जेवतील."

"वहीत आज पराभव आहे हो."

"पराभव असला की जास्तच जेवतात. रागानं."

तीन जून दोन हजार सतरा. शनिवार, कार्डिफ, मोठ्या कपचा अंतिम सामना, युव्हेंटस आणि रियाल माद्रिद. केअर होमची टीव्ही रूम इटालियन म्हाताऱ्यांनी भरली होती. जिनोला व्हीलचेअरसकट पुढे बसवलं होतं. डॉक्टरांनी टेरेसाला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, हृदय थकलंय, फार दिवस नाहीत. रियालनं पहिला गोल केला. मग युव्हेंटसच्या एकानं गोलकडे पाठ असताना, हवेत उलटं होऊन चेंडू आत मारला. जिनोच्या तोंडून जो आवाज निघाला तो दीड वर्षात कुणी ऐकला नव्हता. मध्यांतराला एक-एक. पण त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, म्हणून छायाताईंनी त्याला शेजारच्याच त्याच्या खोलीत नेऊन आडवं केलं.

दुसऱ्या अर्ध्यात रियालनं तीन गोल मारले. चार-एक. म्हाताऱ्यांनी तीनदा कपाळावर हात मारून घेतला, एकानं टीव्हीवर चप्पल उगारली.

रविकांत वही घेऊन बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये टेरेसा. कामावरून सरळ आलेली.

"अंकल, प्लीज. डोन्ट टेल हिम."

"तो विचारेल."

"मग सांगा, जिंकले. हाऊ वुड ही नो? ही इज स्लीपिंग."

"टेरेसा, तो सही करतो त्याच्यावर."

"आय नो. जस्ट वन्स, अंकल."

रविकांतनी चव्वेचाळीस वर्षांत एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. खरं सांगायचीही त्यांना सवय होती. चार वर्षांपूर्वी प्रमोदिनीबाईंनी हॉस्पिटलच्या पलंगावरून विचारलं होतं, "रिपोर्ट काय आला हो?" रविकांतनी जसा होता तसा वाचून दाखवला होता. प्रमोदिनीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. रविकांत त्या भिंतीचा रंग अजून सांगू शकतात.

ते आत गेले. जिनोचे डोळे उघडे होते.

"क्वांतो?" त्यानं विचारलं. किती?

रविकांतनी एका हाताची दोन बोटं वर केली, दुसऱ्याचं एक. "युव्हेंटस," ते म्हणाले.

जिनो बोटांकडे बघत राहिला. मग भुवया उंचावल्या. दुसरा गोल कुणी केला, हे विचारायची त्याची ही जुनी पद्धत. रविकांतना पटकन दुसरं नाव सुचेना. त्यांनी त्या उलटं होऊन गोल करणाऱ्याचंच नाव पुन्हा घेतलं. जिनो आता त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बराच वेळ. मग त्यानं डावा हात वहीकडे केला.

रविकांतनी पेन्सिलीनं लिहिलं : युव्हेंटस २, रियाल माद्रिद १. आर. एम. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. त्या ओळीतही ते तसंच आलं, याचं त्यांना नंतर नवल वाटलं.

"पेन्ना," जिनो म्हणाला.

रविकांतनी पेन दिलं. जिनोनं ओळीखाली नख फिरवलं नाही. त्यानं सरळ जी. बी. केलं, वही मिटली आणि तो डावा हात रविकांतच्या हातावर ठेवला. तसाच ठेवून होता, छायाताई चहा घेऊन येईपर्यंत.

त्यानंतर तो पाच महिने होता. रविकांत आधीसारखेच जात. वही पिशवीत असे. जिनोनं ती पुन्हा एकदाही मागितली नाही. ऑगस्टपासूनचे निकाल पेन्सिलीतच राहिले. मिलानचे, नापोलीचे, लाझिओचे.

नोव्हेंबरमध्ये जिनो गेला. अंत्यदर्शनाच्या दिवशी टेरेसानं एका टेबलावर त्याचे फोटो, त्याचा हातोडा आणि लग्नातला टाय मांडला होता. ती म्हणाली, "अंकल, शेवटची वही इथे ठेवा ना. एव्हरीबडी नोज अबाउट द बुक्स."

म्हणजे तेच म्हातारे येणार. पान उलटणार. जिनो बारिल्लानं कार्डिफला युव्हेंटस जिंकल्यावर सही केली, हे वाचणार, आणि कॉफीच्या टेबलावर वर्षभर हसणार. जो माणूस सहा इंचांसाठी बांधकाम थांबवायचा, त्याच्या नावावर हे. आणि ते लिहून ठेवलं कुणी, तर रविकांतनी.

"विसरलो," ते म्हणाले. वही त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

त्या हिवाळ्यात ते वही समोर घेऊन बसत. ड्रॉइंगमधली चूक सुधारायची रीत त्यांना ठाऊक होती. चुकीच्या ओळीभोवती ढगासारखी रेघ काढायची, शेजारी खरा आकडा, खाली दोन सह्या. त्यांनी पेन्सिलीनं ढग काढला. रियाल माद्रिद ४, युव्हेंटस १. आर. एम. शेजारचा चौकोन रिकामा ठेवला. ओळ पेन्सिलीतच राहिली. टेरेसाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लीव्ह इट, अंकल. ही डाइड हॅपी." तसं होतं की नाही हेच रविकांतना कळलं नव्हतं.

मार्चमध्ये त्यांनी छायाताईंना फोन लावला. त्या तोवर मुलाच्या नोकरीमुळे विनिपेगला गेल्या होत्या.

"काका, इथे उणे तीस आहे, तुमचं काय?" त्या हसल्या. मग रविकांतनी कार्डिफच्या सामन्याच्या दुपारबद्दल विचारलं.

"मी त्यांना झोपवलं, डोळे मिटलेले होते, दार ओढून घेतलं. पण काका, ती खोली टीव्ही रूमच्या भिंतीला लागून. पलीकडे वीस म्हातारे ओरडत होते. तीनदा ओरडले ना?"

"तीनदा."

"आणि रात्री जेवणाच्या टेबलावर तोच विषय. मी त्या दिवशी सातपर्यंत होते. शेजारचे आजोबा त्यांच्याकडे बघून काय काय बोलत होते. यांनी मान खाली घालून सूप प्यायलं."

"म्हणजे रात्री कळलं त्याला."

"रात्री तर कळलंच असणार."

"आणि दुपारी? मी आत जायच्या आधी?"

"ते मी कसं सांगू, काका? डोळे मिटलेले होते एवढंच मी बघितलं."

रविकांतनी आभार मानले, मुलाची चौकशी केली, थंडीत जपा म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी वही पुन्हा त्या पानावर उघडली. झोपला असेल, तर आपण एका विश्वास टाकणाऱ्या माणसाला फसवून सही घेतली, आणि रात्री सूप पिताना त्याला ते समजलं. जागा असेल, तर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोट्यावर सही केली, आणि ती आपल्यासाठी. दोन्हींतलं कुठलं सोसवेल, हे त्यांना ठरवता येत नाही.

वह्या अजून त्यांच्या नॉर्थ यॉर्कच्या अपार्टमेंटमध्ये आहेत. कुणी बघायला आलं तर ते दाखवतात, शेवटचीसुद्धा, आणि त्या ओळीशी आले की समोरच्यालाच विचारतात : भिंतीपलीकडे वीस माणसं तीनदा ओरडत असताना, त्या दुपारी जिनो झोपला होता का?