शटरखालची फट

आखाती युद्ध सुरू झालं त्याच दिवशी कुवेतच्या सीमेजवळचा अल खफजीचा आमचा कॅम्प रिकामा केला आणि ट्रकमधून आम्हाला दम्मामला आणलं. कफीलने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, बाकीची माणसं दुसऱ्या साइटवर पाठवली, फक्त दोघांना आपल्या घराच्या राखणीला ठेवलं आणि स्वतः बायकामुलांना घेऊन जेद्दाला गेला. घराला कुलूप घालून गेला. आम्हाला राहायला गॅरेज मिळालं.

दोघांतला एक मी, रत्नागिरीकडचा एसी मेकॅनिक. दुसरे मुरूडजवळच्या गावातले एक सुतार. त्यांना सगळा कॅम्प चाचा म्हणायचा. पन्नाशी उलटली होती आणि दमा होता. माझ्याशी त्यांचं वागणं सख्ख्या काकासारखं होतं, म्हणजे रागवायचे जास्त.

जाताना कफीलने प्लास्टिकचा मोठा गुंडाळा आणि चिकटपट्टी दिली होती. विषारी वायूचं रॉकेट पडेल, खोली बंद करा, दाराखाली ओला टॉवेल लावा, असं रेडिओवर रोज सांगायचे. चाचांनी एका दुपारीतच दोन्ही खिडक्या पक्क्या करून टाकल्या. सुताराचं काम ते, कुठे बोट शिरेल एवढी जागा ठेवली नाही. मास्क मात्र आम्हाला कुणी दिले नव्हते.

त्या जानेवारीत पाऊसही पडला. गॅरेजची फरशी इतकी गार की गादीतून ओल पाठीला लागायची. पहिल्यांदा मी कफीलच्या अडगळीतला विजेचा हीटर लावला. गॅरेजात दिव्यापुरती बारीक वायर होती. अर्ध्या तासात प्लग मऊ झाला आणि भिंतीतून करपल्याचा वास आला. मी तो काढून ठेवला. मग बाजारातून रॉकेलचा गोल हीटर आणला. ऊब छान होती, पण रॉकेलच्या वासाने चाचांचा दमा उसळला. दोन दिवस ते गादीला पाठ लावू शकले नाहीत.

"कोळसा आण," ते म्हणाले. "पेटला की धूर नाही, वास नाही."

"बंद जागेत कोळसा नको, चाचा."

"शटर थोडं वर ठेवू. हवा खेळेल."

मला पटलं. खरं सांगायचं तर मलाही थंडी सोसत नव्हती. कफीलची कॉफीची शेगडी होती, तीत मी बाहेर अंगणात कोळसे पेटवायचो, लाल झाले की आत आणायचो आणि शटर वीतभर उघडं ठेवायचो. आठवडाभर काही झालं नाही. चाचांना झोप लागू लागली. हीच गोष्ट आधी केली असती तर, असंही मी एकदा म्हणालो.

त्या दिवशी चाचांना ताप होता. मला घरी फोन करायचा होता आणि टेलिफोनच्या ऑफिसात रांग मोठी असायची, म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर लगेच निघालो. निघताना शेगडी त्यांच्या पायाशी ठेवली.

"फट राहू द्या," मी म्हणालो.

"जा रे. मी काय लहान आहे?"

रांगेत असताना हल्ल्याचा भोंगा वाजला. दिवसा क्वचितच वाजायचा. आम्हा सगळ्यांना आत घेऊन दारं लावली. धोका टळल्याचा भोंगा बऱ्याच वेळाने झाला. फोन लागलाच नाही. घरी यायला आणखी अर्धा तास गेला.

शटर खालपर्यंत बंद होतं. वर ढकललं तेव्हा त्याच्याबरोबर ओला टॉवेल सरकला. भोंगा ऐकून चाचा तापातून उठले होते आणि रेडिओवर सांगितलं होतं ते सगळं त्यांनी नीट केलं होतं. शेगडी तेवढी आत राहिली होती.

ते गादीवर कुशीवर होते. गाल लालसर दिसत होते. इतकी तजेलदार मुद्रा मी त्यांची कधी पाहिली नव्हती, म्हणून क्षणभर मला बरंच वाटलं. मग हात लावला.

काखेत हात घालून मी त्यांना अंगणात ओढलं आणि मदतीसाठी ओरडलो. "गॅस, गॅस" असं ओरडलो. दुसरा शब्द सुचला नाही. समोरच्या घरांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. रस्त्यावरचा एक माणूस पळत सुटला. मी चाचांची छाती दाबत होतो आणि आख्खी गल्ली माझ्यापासून स्वतःला बंद करून घेत होती.

शेवटी शेजारचा सुदानी चौकीदार मास्क घालून आला. शेगडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मास्क काढला. त्यानेच गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. "खलास," एवढं चौकीदाराने मला सांगितलं, आणि माझा दंड धरून बाकावर बसवलं.

विमानं बंद होती. चाचांना तिथेच दफन केलं. मातीला आम्ही पाच जण होतो, त्यातल्या तिघांनी त्यांना जिवंतपणी पाहिलंही नव्हतं.

एसीतल्या रेफ्रिजरंट वायूची गळती साबणाच्या पाण्याने शोधणं हे माझं रोजचं काम होतं. वायू म्हणजे काय ते मला कळतं, असं मी समजत होतो.

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा चाचींना भेटायला गेलो. गावात सगळे समजत होते की चाचा रॉकेट पडून गेले. तशी दुवाही मागितली जायची. मला गप्प राहता आलं असतं. मी ओटीवर बसून चाचींना सगळं सांगितलं, शेगडी मीच पेटवली होती हेही. त्या पदर सारखा करत ऐकत होत्या.

"तिथं एवढी थंडी असते?" त्यांनी विचारलं. "पत्रात कधी लिहिलं नाही त्यांनी. मी स्वेटर विणून पाठवला असता."

"असते, चाची," मी म्हणालो.