मैनाबाईंचा उजेड

शांतवनमामा माणसांना अरे-तुरे करत आणि घोडीला अहो-जाहो. पारनेर तालुक्यातल्या त्या गावात शिक्षिका म्हणून माझी बदली झाली आणि मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "बाईसाहेब, पाय द्या. लई दमलात ना?" वा, काय नवरा आहे, म्हणून मी डोकावून पाहिलं, तर मामा एका तांबूस घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसले होते. दारात तांदूळ निवडत बसलेल्या मामी म्हणाल्या, "बघा की बाई! मला इतक्या वर्सांत कदी 'दमलीस का' म्हून इचारलं न्हाई."

घोडीचं नाव मैना. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात. तिच्या मागोमाग बैल जीव तोडून धावतात. मैनेवर मामांचा मुलगा दाविद बसायचा. मामा रविवारी चर्चला न चुकता जात आणि यात्रा कुठल्याही देवाची असली तरी घोडी नेत. कुणी टोकलंच तर म्हणत, "देव तुमचा, घोडी आपली. पळायला कुनाची आडचन हाय?"

पण मैनेचं वय होत चाललं होतं. पळून आली की दुसऱ्या दिवशी ती पाय आखडून चाले. मामांचा भाचा पुण्याला शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता. त्याने तिथली एक जुनी पट्टी आणून दिली. पायाला गुंडाळायची, आतून लाल दिव्यांचे ठिपके. त्या उजेडाने म्हणे दमलेले स्नायू मोकळे होतात. गुरांच्या डॉक्टरांनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि अपाय काही नाही, पण विश्रांतीही द्या, असं सांगितलं. मामांनी त्यातलं 'अपाय नाही' एवढंच ऐकलं.

पट्टीबरोबर एक काळा चष्माही होता, लावणाऱ्याने डोळ्यांवर घालायचा. मामांनी त्याला नाडी बांधली आणि तो घोडीला घातला. स्वतः मात्र डोळे किलकिले करून बसले.

"मामा, तो चष्मा तुमच्यासाठी आहे," मी म्हटलं.

"उजेड कुनाला द्यायचा? तिला. मंग चष्मा कुनाला?"



गावात गुडघेदुखीला काही तोटा नव्हता. चार-पाच म्हाताऱ्या रोज गोठ्यात येऊन घोडीशेजारी पाय पसरून बसू लागल्या. मामा त्यांनाही रांगेत बसवत. कुणी लवकर आटपा म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "उजेडाला घाई चालत न्हाई." हेच वाक्य ते एसटी उशिरा आली तरी ऐकवत आणि मामींचा भात कच्चा राहिला तरी. मैना तर इतकी सरावली, की लाल उजेड दिसला रे दिसला की थांबायची, पुढचा पाय आपणहून उचलायची आणि खालचा ओठ लोंबकळत ठेवून डुलक्या घ्यायची.

दाविदला हे सगळे थेर वाटत. तो नगरला कंपनीत जाई, घोडीची वैरण बघायला त्याला वेळ नव्हता. त्याने श्रीगोंद्याचं गिऱ्हाईक ठरवलं. शेजारगावच्या यात्रेत मैना नीट पळाली की तिथूनच द्यायची. मामा दिवसभर जेवले नाहीत. मला म्हणाले, "चांगली पळाली तर ती जानार, वंगाळ पळाली तर माजी लाज जानार. सांग आता, मी काय मागू?" तरीही पट्टी बांधणं त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. मामांचा मला राग आला आणि दयाही.

यात्रेच्या दुपारी मामा धुवट टोपी घालून शर्यतीच्या वाटेच्या टोकाला उभे राहिले. शेजारी श्रीगोंद्याचे पाहुणे. भंडारा उधळला, मैना सुटली. काय पळाली! मागून बैल, दोन्ही बाजूंनी आरोळ्या. पाहुण्यांनी समाधानाने मिशीवर हात फिरवला. मामांनी डोळे मिटून घेतले.

यात्रा कमिटीने यंदा हौसेने वेळ दाखवणारं नवं घड्याळ आणलं होतं. शेवटच्या रेषेवर, मांडवाच्या सावलीत, हातभर उंचीचे, दिव्यांनी पेटलेले लालभडक आकडे.

मैनेने ते पाहिले. ती हळू झाली आणि रेषेच्या अलीकडे चक्क उभी राहिली. दाविद तिच्या मानेवरून पुढे धुळीत. बैल शहाणे, बाजूने वळसा घालून निघून गेले. मैना मात्र घड्याळापुढे पुढचा पाय उचलून, ओठ लोंबकळत ठेवून उभी. सगळी यात्रा पोट धरून हसत होती.

पाहुणे वळले. "आमच्या यात्रंतबी आसलंच घड्याळ हाय," एवढं बोलून ते जे निघाले, ते चहालासुद्धा थांबले नाहीत.

दाविद धूळ झटकत ओरडला, "आता हिला कोन घेतंय?"

"कोन न्हाई!" मामा म्हणाले. "आरं, कोन म्हंजी कोन न्हाई!"

चारचौघांत त्यांची पार शोभा झाली होती, आणि टोपी हातात घेऊन ते लहान पोरासारखे नाचत होते. इतका सुखी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.