बंदुकीची ओटी

माझ्यामुळे आयर्लंडमध्ये नऊ पुरुष एकाच वेळी चिखलात पालथे पडले. मी कुणाला हातही लावला नव्हता.

माझा मुलगा सुहास तिथल्या लिक्सलिप गावात कॉम्प्युटरच्या चिपा करतो. तेवढ्याने भागत नाही, म्हणून रविवारी जुन्या काळचा शिपाई होतो. (लाल कोट, पांढरी विजार. लग्नातला बँडवाला दिसतो, पण त्याला सांगायचं नाही.) त्यासाठी परवाना काढून त्याने भारतातून ठासणीची बंदूक मागवली. जुन्या बंदुकीची नवी नक्कल. चकमकीची ठिणगी पडली की बार उडतो.

पण या हौशी शिपायांच्या मंडळाचा तपासनीस शेमस भारी खट. "भिंतीवर टांगायला ठीक. बार काढायला नळी मजबूत आहे का, ते मी बघणार!" बंदूक नापास झाली, तर सुहासने वर्षभर नुसता झेंडा धरायचा. पोरगा आठवडाभर धड जेवला नाही.

तपासणीच्या सकाळी तो बंदूक टेबलावर ठेवून आंघोळीला गेला. नेमकी खंडेनवमी! घरात खरंखुरं शस्त्र, आणि पूजा नाही? (एरवी मी विळी आणि स्क्रू-ड्रायव्हर पुजते.) हळद-कुंकू वाहिलं. नळी रिकामी दिसली. आमच्यात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत देत नाहीत! मूठभर तांदूळ ओतले, वर सुपारी. मापाचीच निघाली. बंदुकीच्याच गजाने ठोकून बसवली. (काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.)

"आई, बंदुकीला कुंकू कशाला?"

"असू दे. पास होशील."

मीही गेले बघायला. मैदानावर शेमसने नळीत गज घातला. गज मध्येच अडला. पुन्हा घातला. पुन्हा अडला. शेमस पांढराफटक!

"भरलेली आहे! आडवे व्हा!"

नऊ जण धपाधप आडवे! सुहाससुद्धा, त्या पांढऱ्या विजारीत.

मी एकटी उभी. "अरे, उठा! सुपारी आहे ती!"

"आई, खाली वाक!"

"या गुडघ्यांनी? आणि परत उठवणार कोण?"

सुहासने चिखलातून मान वर काढली. "आई... नळीत काय घातलंस?"

"ओटी भरली."

हे इंग्रजीत समजावताना त्याला घाम फुटला. शेमसने टोकाला स्क्रू असलेल्या गजाने सुपारी उपसली, मग तांदूळ. नळी धुतली, उजेडात धरून आतून पाहिली. मग बार भरून बंदूक लाकडाला बांधली, लांबून दोरीने चाप ओढला. धडाम! पुन्हा पाहिलं. केसाएवढी चीर नाही!

"बंदूक ग्रँड आहे," शेमस म्हणाला. सुहासने त्याला मिठीच मारली, चिखलासकट. मग शेमसने कागदावर सही केली आणि खाली एक अट लिहिली. सुहास ती वाचेना, तेव्हा मीच दटावून वाचायला लावली: बंदूक कायम कुलपात, आणि किल्ली आईला द्यायची नाही.

चौथीनंतर मी कधी परीक्षेला बसले नव्हते. इथे तर न बसताच नापास झाले!