गुण जुळवणारं पान मीच फास्ट केलं

मित्रांनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

मुखेडच्या एका वधू-वर केंद्राची वेबसाइट मी सांभाळतो. मुलीचं नाव टाकलं की गुण जुळणारी स्थळं दिसतात. पण पान उघडायला लई वेळ लागायचा. सकाळी मालक मामा माझ्यावर ओरडले, मीही उलटा ओरडलो. मग रागारागात बसून वेळ नेमका कुठं जातो ते मोजलं. पान उघडलं की कोड दर वेळी प्रत्येक मुलाची पत्रिका नव्यानं जुळवत होता. गुण एकदाच काढून साठवून ठेवले. पान झटक्यात उघडायला लागलं.

तेवढ्यात जळकोटचे एक काका आले. मामा खुशीत म्हणाले, "या, तुमच्याच पोरीचं बघू." त्यांनी नाव सांगितलं आणि माझी बोटं थांबली.

ती होती. जिच्यावर मी कॉलेजपासून जीव टाकून राहिलो, तीच. तिला माहीत आहे, तिच्या घरी नाही.

"टाक की लेका, बघतोस काय?" मामा म्हणाले.

टाकलं. क्षणात स्थळं हजर. काका म्हणाले, "नुसती पदवीवाली पोरं ठेव." 'पदवी' पुढच्या चौकटीत खूणही मीच केली.

"लई भारी काम केलंस पोरा! आता उरकतंय बघ लग्न." काकांनी पाठ थोपटली. एरवी कुणालाही भिडणारा मी, "हाव काका" एवढंच बोललो.

उद्या ते परत येणार आहेत. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोरानं त्यांना काय तोंडानं सांगायचं? सांगा ना कुणीतरी.