साहेबांनी ढकललेली गाडी

सगळी पलटण तिला वहिनी म्हणायची. धाकटा दीर तिथेच शिपाई. त्याची हाक सगळ्यांनी उचलली. लढाईआधी ती गाडीने दूध पोचवायची, आता त्याच गाडीतून जखमी आणायची. स्टार्टर केव्हाच मेलेला. "अगदी आमच्या ह्यांच्यासारखी," ती म्हणायची, "ढकलल्याशिवाय हलत नाही."

मोहीम पार गाळात गेली होती. अशात मोठे साहेब आणि धाकटे साहेब आघाडी पाहायला निघाले. वाटेत त्यांची जीप रुतली, म्हणून वहिनीच्या गाडीतली स्ट्रेचरं उतरवून खुर्च्या चढवल्या.

आघाडीवर बघते तर दगडांना चुना फासलेला, शिपायांच्या दाढ्या गुळगुळीत. जखमी मात्र कुठेच नाहीत.

"माझे भावजी कुठायत?" तिने हवालदाराला गाठलं.

"जखमी सगळे मागच्या वीटभट्टीत. साहेबांच्या नजरेला नकोत ना. तुमच्या दिराच्या पायात गोळी आहे."

"साहेबांना सोडून येते, मग नेते."

हवालदाराने मान खाली घातली. "तुम्ही गेलात की शत्रू येऊ नये म्हणून वाटेवरचा पूल उडवणार, वहिनी. आम्ही डोंगरातून पायी निघू. त्यांना कसं चढवणार?"

वहिनी तरातरा गाडीपाशी गेली आणि चालू ठेवलेलं इंजिन तिने खटकन बंद केलं.

साहेब परतले. "चला."

"बंद पडली, साहेब. धक्का लागेल."

शिपायांनी रेटा लावला. चाकं चिखलात नुसती घसरली. धाकट्या साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत रंगली.

"रिकामी आहे ना. मागे वजन पाहिजे," वहिनी म्हणाली.

"मग दगड भरा!"

"त्यांचा चुना ओला आहे, साहेब, गाडी खराब होईल. भट्टीत माणसं पडलीत, तीच घालते."

हवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं. मोठे साहेब स्वतः भट्टीत जाऊन आले. चेहरा लालबुंद. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा जराशा हलल्या.

"खुर्च्या फेका बाहेर!"

एकेक जखमी खांद्यावरून आला. गाडी गच्च भरली.

"आता पुरे," धाकटे साहेब म्हणाले.

"छे!" मोठे साहेब म्हणाले, "अजून वजन कमी पडतंय. भट्टीत कुणी राहिलंय का बघा."

कुणी राहिलं नाही, तेव्हा मोठ्या साहेबांनी टोपी काखेत मारून गाडीला खांदा दिला. मग बाकीचे कशाला मागे राहतात! इंजिन खोकलं आणि गरजलं.

"थांबू नकोस!" मोठ्या साहेबांनी बजावलं.

"थांबतेय कशाला, रुतेल की!" वहिनी ओरडली. दोन्ही साहेब धावत येऊन मागच्या पायरीला लोंबकळले. शिपायांनी असा जल्लोष केला, की शत्रूला वाटलं असेल लढाई हेच जिंकले.

पुलावर गाडी दणदणली. "वहिनी, हळू! पाय ठणकतोय!" आतून दीर कळवळला.

"ठणकू दे, भावजी," तिने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, "पाय आहे म्हणून ठणकतोय!"